बॅटरीतले सहा सेल आणि आपली जबान

आमची धाकटी बहीण सोलापुरात दिली आहे. मेहुण्यांची एकच दहा टायरी गाडी, आणि तिचा हप्ता अजून चालू. एक खेप मेहुणे मारतात, एक खेप भाचा, सोबत एक क्लीनर. गेल्या शाबानात भाचा मार्केट यार्डातून कांदा भरून हैदराबादला निघाला. रात्री उमरग्याच्या पुढे धाब्यावर गाडी लावली, डास फार म्हणून केबिनमधला पंखा चालू ठेवला आणि झोपला. फजरला उठून सेल्फ मारला तर आतून नुसता 'कट्' असा आवाज. दुसऱ्यांदा तोही नाही.

भरलेली दहा टायरी काही चौघांनी ढकलून चालू होत नाही. दुसऱ्या गाडीवाल्याची विनवणी करून, त्याच्या बॅटऱ्यांना वायर लावून इंजिन चालू करेपर्यंत दुपार झाली. माल उशिरा पोहोचला म्हणून व्यापाऱ्याने भाड्यातून पैसे कापले. परत येईपर्यंत भाच्याने इंजिन कुठेच बंद केले नाही, जेवतानासुद्धा नाही. त्यात डिझेल किती गेले ते वेगळेच.

दोन्ही बॅटऱ्या घेऊन नऊ महिने झाले होते. कार्डावर वर्षभरात बिघडली तर फुकट बदलून देण्याची हमी होती. म्हणजे काम सोपे असायला हवे होते. पण दुकानदाराने गाडीत डोकावून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "दोन बॅटऱ्यांच्या मधून वायर कुणी काढली?"

मोठ्या गाड्यांमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून चोवीस व्होल्ट करतात. सेल्फ, लाइट, हॉर्न सगळे चोवीसवर. पण टेप, मोबाइलचा चार्जर आणि बाजारातला स्वस्त पंखा असतो बाराचा. मग वायरमन काय करतो, दोन बॅटऱ्यांच्या जोडावरून एक वायर काढून देतो. काम पाच मिनिटांचे, खर्च नाही म्हणावा इतका. ह्यात होते असे की टेप आणि पंखा एकाच बॅटरीचे रक्त पितात. डायनामो मात्र दोघींना एकाच धारेने चार्ज करतो. जी पिळली जाते ती कधीच पुरती भरत नाही आणि तिच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो. दुसरी आधीच भरलेली असते, तिला वरून आणखी दिले जाते, तिचे पाणी उकळून उडते. दोघीही मरतात, एक उपाशी राहून आणि एक जास्त खाऊन. म्हणूनच बहुतेक कंपन्यांच्या माणसांची नजर सगळ्यात आधी ह्या वायरीवर जाते. ती दिसली की क्लेम नामंजूर करायला त्यांना दुसरे कारण लागत नाही.

दुकानदार मोहल्ल्यातलाच, पाच वक्त नमाजी, भाचा त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी सल्ला दिला तोही आपुलकीनेच. वायर काढून टाक, जोडावरची खूण घासून काढ, पाणी भर, चार दिवस चालव आणि मग आण. कंपनीचा माणूस विचारेल तेव्हा नाही म्हण, सगळेच म्हणतात.

त्या रात्री बहिणीचा फोन आला. "भाईजान, हा वायर काढायला निघालाय. ह्याला करू द्या नाहीतर मना करा, पण काय ते एकदा सांगा." मागून भाच्याचा आवाज, "मामू, खोटं कुठं बोलतोय? फक्त सांगायचं नाही, एवढंच."

खरे सांगायचे तर आमच्याही मनात आधी हेच आले की कंपनी एवढी मोठी, तिचे काय जाणार आहे? आणि इथे हप्ता तोंडावर. लगेच उत्तर देता आले नाही. उद्या सांगतो म्हणून फोन ठेवला.

आपल्याकडे खरेदी-विक्रीवर बोलायचे झाले की धान्याच्या राशीची हदीस हटकून सांगितली जाते. बाजारातून जाताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका राशीत हात घातला, आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले असे विक्रेता म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याला विचारले की मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावले. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (र.) यांच्याकडून ही हदीस आली आहे. ती ऐकताना आपण सगळे मनातल्या मनात दुकानदाराकडे बोट दाखवतो. पण हजरत हकीम बिन हिजाम (र.) यांची जी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोघांत आहे, तिच्यात बोलणे एकट्या विकणाऱ्याविषयी नाही, विकणारा आणि घेणारा अशा दोघांविषयी आहे. दोघे खरे बोलले आणि ऐब उघड केला तर त्यांच्या सौद्यात बरकत, दोघांनी लपवले आणि खोटे बोलले तर ती पुसली जाते. क्लेम करायला गेलेला ग्राहक जुनाच सौदा पुढे चालवत असतो. ह्या वेळी राशीच्या मागे तो उभा असतो आणि हात घालून पाहणारा कंपनीचा माणूस असतो.

सकाळी भाच्याला हेच सांगितले. तो गप्प राहिला. मग आम्ही विचारले, "चाचांनी सहाही सेलची ग्रॅव्हिटी वेगवेगळी पाहिली का?" नाही म्हणाला. एकेक सेल पाहून वरवरचाच अंदाज केला होता.

इथे थोडे खोलात जाऊ, कारण बहुतेक क्लेम इथेच बुडतात. बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा वेगळे सेल, प्रत्येकी सुमारे दोन व्होल्टचे. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी सेलमध्ये बुडवली की ॲसिडची घनता कळते. भरलेल्या बॅटरीत ती साधारण 1.250 ते 1.280 असते, वायरमन बाराशे पन्नास, बाराशे ऐंशी असे म्हणतात. आता सहाही सेल सारखेच खाली असतील, समजा सगळे अकराशे पन्नासच्या आसपास, तर त्याचा अर्थ बॅटरी रिकामी आहे. ती बिघडली आहे असे त्यावरून ठरत नाही. कंपनी ती दोन दिवस चार्जिंगला लावते, भरली तर परत देते. हमी बनावटीतल्या दोषाची असते, रिकामी होण्याची नसते. पण पुरते चार्ज करूनही पाच सेल बाराशे चाळीसवर आणि एकच अकराशे वीसवर राहिला, तर दोष त्या एका सेलमध्ये आहे. पन्नासच्या वर फरक दिसला की जाणता वायरमन मान हलवतो. पूर्ण बॅटरी साडेदहा व्होल्टच दाखवत असेल तर तीही एक सेल गेल्याचीच खूण.

मधून काढलेली वायर सहाही सेलना सारखेच पिळते. निवडून एकच सेल मारणे तिला जमत नाही. डायनामो जास्त चार्ज करत असेल तर पाणी सहाही घरांतले उडते. म्हणजे वायर असली तरी क्लेम आपोआप खोटा ठरत नाही, आणि वायर लपवल्याने तो खरा ठरत नाही.

भाच्याने दोन्ही बॅटऱ्या सर्व्हिस सेंटरला नेल्या. तक्रारीच्या कागदावर स्वतःच लिहिले की टेप व पंखा मधल्या जोडावरून चालत होते. तिथल्या माणसाने कागद वाचून त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले म्हणे. दोन दिवस चार्जिंग झाले. तोवर गाडी उभी राहू नये म्हणून तात्पुरत्या बॅटऱ्या मागितल्या, त्या मिळाल्या. सगळीकडे मिळतातच असे नाही, पण न मागता कुणी देत नाही.

निकाल अर्धाच लागला. पिळली गेलेली बॅटरी सहाही सेलमध्ये सारखीच वर आली, पूर्ण नाही पण आली. ती परत दिली, क्लेम नामंजूर. दुसरीत एक सेल मेलेलाच निघाला. तरी पहिल्या झटक्यात तिच्यावरही 'ओव्हरचार्ज' लिहिले. भाचा भांडला नाही. डायनामो मोजा म्हणाला. गाडी चालू असताना चोवीस व्होल्टच्या गाडीत साधारण 28 च्या आसपास यायला पाहिजे, 28.2 आले. सहाही सेलची आकडेवारी कागदावर लिहून द्या म्हणाला, आणि तो कागद जोडून कंपनीला ईमेल केला. पंधरा-वीस दिवस गेले, दोन स्मरणपत्रे गेली. मग ती बॅटरी बदलून आली.

आनंद मात्र अर्धाच राहिला, कारण नव्या बॅटरीशेजारी थकलेली जुनी जोडली की जुनी नवीला ओढून खाली नेते. जोडी एकाच वयाची लागते. शेवटी दुसरी विकत घ्यावीच लागली. वायरीची किंमत म्हणायची ती. आता चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवला आहे, टेप त्याच्यावर चालतो. तो आधीच बसवला असता तर आम्हाला हा लेख लिहावा लागला नसता.

ह्या भानगडीत कार्ड नीट वाचायचा योग आला. सगळे गॅरंटी म्हणतात, छापलेले असते वॉरंटी. मुदत बहुधा दोन तुकड्यांत असते, पहिल्यात फुकट बदली आणि दुसऱ्यात 'प्रो-राटा'. दुकानदार दोन्हींची बेरीज करून मोठ्याने सांगतो. प्रो-राटा म्हणजे नवी बॅटरी काही टक्के सवलतीने. ऐकायला बरे वाटते, पण सवलत असते छापील किमतीवर, आणि छापील किमतीला बॅटरी बाजारात कोण घेतो? समजा छापील किंमत 16,000 आहे, दुकानात तीच 12,500 ला मिळते, आणि जुनीचे भंगाराचे 3,000 धरतात. म्हणजे हमी नसताना खिशातून जातात 9,500. प्रो-राटात 40 टक्के सवलत मिळाली तर भरायचे 9,600, वर जुनी बॅटरी कंपनीकडे जमा. एवढी धावपळ करून शंभर रुपये जास्त! तेव्हा त्या काळात क्लेम करण्याआधी कागदावर हा हिशेब मांडावा. आणि घेताना दोन बॅटऱ्यांची तुलना करायची तर बेरजेवर जाऊ नये, फुकट बदलीचे महिने किती तेवढेच विचारावे. फुकट बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी मुदत बहुतेक कार्डांवर नसते, पहिल्या खरेदीपासून जे महिने उरले तेवढेच.

घेताना पाहायच्या गोष्टी फार नाहीत. बॅटरीवर बनवल्याची तारीख कोरलेली किंवा सांकेतिक अक्षरांत असते, ती दुकानदाराकडून वाचून घ्या. कित्येक महिने फळीवर पडलेली बॅटरी न चार्ज करता बसवली तर ती पहिल्या दिवसापासून आजारी. कार्डावरचा क्रमांक आणि बॅटरीवरचा क्रमांक जुळतो का, गाडीचा नंबर बरोबर आहे का, शिक्का आणि तारीख आहे का. ज्यांच्या दोन गाड्या आहेत ते अडीनडीला ह्या गाडीची बॅटरी त्या गाडीत घालतात आणि नंतर नंबर जुळत नाही म्हणून क्लेम जातो. पाण्याचे म्हणाल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, नळाचे किंवा बोअरचे कधीच नाही, आणि कमी झाले म्हणून वरून ॲसिड तर मुळीच नाही.

आणि बिल. "बिल नको असेल तर हजार कमी करतो" हे वाक्य ऐकले नाही असा गाडीवाला विरळा. हजारासाठी आपण हमी विकून येतो आणि सरकारच्या कराला चाट मारण्यात भागीदार होतो. आमच्या बहिणीने बिल आणि कार्ड रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवले होते म्हणून ते पाच मिनिटांत सापडले. गाडीच्या केबिनमध्ये ठेवलेले बिल नऊ महिन्यांत तेलाने वाचण्याजोगे राहत नाही. घरातल्या बायांनी हे कागद आपल्या ताब्यात घ्यावेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

क्लेम खरा असून नाकारला तर? ग्राहक संरक्षण कायदा 2019 आहे. पण पुष्कळ गाडीवाल्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवून दिलेले असते की ट्रक धंद्याची वस्तू, ग्राहक आयोगात तिचे काही चालत नाही. हे अर्धवट आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायदा लागत नाही खरे, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात नेमके ट्रकचेच उदाहरण दिले आहे. जो स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ट्रक घेतो तो ग्राहक, आणि मदतीला एखाद-दुसरा माणूस ठेवला म्हणून तो ग्राहक राहत नाही असे नाही. हा निकाल जुन्या कायद्याखालचा आहे, पण स्वयंरोजगाराची सवलत नव्या कायद्यातही कायम आहे. तेव्हा आमचे मेहुणे ग्राहक. ज्यांच्या दहा गाड्या पगारी ड्रायव्हरवर चालतात त्यांना मात्र हा रस्ता कठीण आहे.

बिल न देणे, आणि बिलात लिहिलेल्या मुदतीत सदोष माल परत न घेणे, ह्या दोन्ही गोष्टी ह्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिल्या आहेत. आधी 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी, पुष्कळदा कंपनी तिथेच हलते. नाही हलली तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृतीवर घरबसल्याही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. दुकानदार आणि कंपनी दोघांना सामनेवाले करावे, नाहीतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

एक चूक मात्र हमखास होते. नकार मिळाला की रागाच्या भरात बॅटरी भंगारात देऊन टाकतात. दोष उघड्या डोळ्यांना दिसत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. बॅटरीच नसेल तर पाठवणार काय? नकार लेखी घ्यावा, कारणासह. तोंडी नकारावर कुणी भांडू शकत नाही.

ह्या मासिकाच्या वाचकांत काउंटरच्या पलीकडे बसणारेही खूप आहेत. बॅटरी, टायर, गॅरेज ह्या धंद्यात आपली माणसे गावोगाव आहेत, म्हणून त्यांच्याशीही दोन शब्द. जुनी बॅटरी धुऊन, नवे स्टिकर लावून नवी म्हणून देणारे थोडे आहेत, त्यांच्याशी आम्हाला बोलायचे नाही. पण महिनोन्महिने पडून राहिलेला माल गुपचूप खपवणे, वायरमनने मधून वायर काढलेली दिसत असताना गिऱ्हाईक दुखावेल म्हणून गप्प बसणे, हे चांगली माणसेही करतात. फिकहमध्ये खियार-उल-ऐब म्हणजे लपलेला दोष नंतर उघडकीला आला तर माल परत करण्याचा घेणाऱ्याचा हक्क आहे. कार्ड छापणाऱ्या कंपन्या जन्माला यायच्या कितीतरी शतके आधीपासून तो आहे आणि कार्डाची मुदत संपली म्हणून तो तुमच्या खांद्यावरून उतरत नाही. गाडी चालवताना निर्माण झालेला दोष मात्र घेणाऱ्याचा, तो विकणाऱ्यावर लादता येत नाही. दोन्ही बाजू फुकहांनी फार बारकाईने पाहिल्या आहेत.

चाचांना आम्ही परवा सोलापुरात भेटलो. नाराज असतील असे वाटले होते. चहा मागवला, मग म्हणाले, "पोराने लिहून दिलं हे चांगलं झालं. पण आता तो कंपनीवाला माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वायरीचं विचारतो." त्यांच्या आवाजात तक्रार होती. दुकानात मात्र एक नवा पुठ्ठा लटकवलेला दिसला. मोठ्या गाडीची बॅटरी बसवताना दोन्ही बॅटऱ्यांच्या बाराही सेलची ग्रॅव्हिटी बिलामागे लिहून मिळेल, असे त्यावर स्केचपेनने लिहिले होते. अक्षर भाच्याचे होते.